दुसऱ्या देशातल्या वर्गाशी व्हिडिओ कॉल : पहिल्यांदाच करणाऱ्या शिक्षकांसाठी

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेनं परदेशातल्या वर्गाशी पहिला कॉल केला, तेव्हा मी समारंभाची तयारी केली होती. फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम, मुली नऊवारीत, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे. प्रास्ताविक झालं, स्वागतगीत झालं, दोन मनोगतं झाली. चाळीस मिनिटांतली शेवटची सहा मिनिटं काय ती मुलांच्या वाट्याला आली. कॉल संपल्यावर चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्यांच्या खिडकीबाहेर पाऊस पडत होता ना? मला विचारायचं होतं, आपल्याकडे येतो तोच पाऊस आहे का तो."

तो प्रश्न विचारायचा राहिला, याची चुटपुट मला अजून आहे. त्यानंतरचे सगळे कॉल मी एकाच हिशेबानं आखले: असा प्रश्न विचारायला मुलाला जागा मिळतेय का? पुढे जे लिहिलंय ते त्याच हिशेबानं वाचा. कॉल हा शाळेचा एक तास आहे. त्याला नारळ, हार, बॅनर लागत नाही. पाहुण्यांना यायचंच असेल तर त्यांनी मुलांच्या मागे सतरंजीवर बसून ऐकावं.

आधी एका माणसाशी बोला

थेट वर्गाशी वर्ग जोडायची घाई करू नका. पहिला सराव एका माणसाबरोबर करा. गावातला कुणी माजी विद्यार्थी दुबईला असेल, कुणाची आत्या जर्मनीत असेल, मुंबईतल्या एखाद्या मुलाचा काका जहाजावर असेल. त्यांच्याशी वीस मिनिटं मराठीत बोला. स्क्रीनकडे बघून बोलायचं, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, या सवयी मुलांना इथे लागतात. तंत्राच्या चुकाही घरच्या माणसासमोर होऊन जातात.

एकट्या मोठ्या माणसाशी झालेल्या कॉलमधूनही खूप काही मिळतं, हे शिक्षणतज्ज्ञ सुगाता मित्रा यांच्या 'ग्रॅनी क्लाउड'नं दाखवलं आहे. २००९ पासून ब्रिटनमधले स्वयंसेवक, त्यात बरेच निवृत्त शिक्षक, भारतातल्या मुलांशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारू लागले, गोष्टी वाचून दाखवू लागले. त्यांनी विषय शिकवावा अशी अपेक्षाच नव्हती. आजी नातवाचं जसं कौतुकानं ऐकते, तसं ऐकायचं आणि 'अरे वा, हे कसं केलंस?' असं विचारायचं, एवढंच त्यांचं काम होतं. २०१३ मध्ये सुगाता मित्रा यांना टेड पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले. त्यातून मुलांसाठी शिकण्याची जी सात केंद्रं उभी राहिली, त्यातली पाच भारतात होती आणि त्यांतलं एक आपल्या फलटणला.

जोडीदार वर्ग कुठे मिळेल

सगळ्यात जुनी आणि भरवशाची वाट म्हणजे आयअर्न (iEARN) हे देशोदेशीच्या शाळांचं जाळं. १९८८ मध्ये मॉस्को आणि न्यूयॉर्क राज्यातल्या काही शाळा जोडून ते सुरू झालं. तेव्हा शीतयुद्ध अजून संपलं नव्हतं. तिथे देश शोधत बसायचं नसतं, आधी प्रकल्प निवडायचा असतो: पाणी, सण, लोककथा, शाळेची बाग. नवख्या शिक्षकाला हेच सोयीचं. विषय आधी ठरला की बोलायचं काय, ही अडचण उरत नाही.

जुने लेख वाचून 'स्काइप इन द क्लासरूम' ही वर्गांना वर्ग जोडून देणारी सोय शोधायला जाल, तर ते आता सापडणार नाही. मायक्रोसॉफ्टनं ५ मे २०२५ रोजी स्काइपच बंद केलं. त्यावर रुजलेले खेळ आणि पद्धती मात्र दुसऱ्या कुठल्याही ॲपवर तशाच चालतात.

आणखी एक वाट आपल्या भाषेतून जाते आणि ती फार कमी शाळा वापरतात. मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि तिथल्या शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवला जातो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. तिथल्या मुलांना मराठी बोलायला समवयस्क सोबती हवे असतात. आपल्या मुलांना परका देश पाहायचा असतो, पण इंग्रजीची भीती असते. दोघांची गरज एकाच कॉलमध्ये भागते. पहिला कॉल कुणाशी करावा, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर मॉरिशस हेच असतं. का ते पुढे सावलीच्या प्रयोगात येईलच.

जोडीदार शिक्षकाला पहिल्या निरोपात चार गोष्टी लिहा: मुलांचं वय, पटसंख्या, भाषा आणि तुम्हाला सोयीचा दिवस व वेळ. शाळेला मिळालेल्या पुरस्कारांची यादी नको. आणि मुलांचा कॉल ठरवण्याआधी दोघा शिक्षकांनी एकदा निवांत व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या. त्या पंधरा मिनिटांत समोरचा माणूस वेळ पाळतो का, घाईत आहे का, त्याला मुलांचं बोलणं हवंय की नुसता फोटो, हे सगळं कळतं.

घड्याळ : इथे सगळ्यात जास्त कॉल बुडतात

आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही की युरोप-अमेरिकेत घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी ते तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. म्हणजे ब्रिटन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, तर उन्हाळ्यात साडेचार. सप्टेंबरात ठरवलेला कॉल नोव्हेंबरात असेल, तर हा तासाचा फरक हमखास आडवा येतो. आमची मुलं एकदा स्क्रीनसमोर तासभर बसून राहिली होती, ती याच चुकीनं. चूक माझी होती.

शाळेच्या वेळेत सहज जुळणारे देश कोणते, तर हे. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे, केनिया अडीच तास मागे, दक्षिण आफ्रिका साडेतीन तास मागे. तिघांकडेही घड्याळ सरकत नाही. आपले साडेअकरा म्हणजे नैरोबीत सकाळचे नऊ. जपान साडेतीन तास पुढे आहे. आपल्या सकाळी साडेदहाला तिथे दुपारचे दोन वाजलेले असतात, शाळा सुटायला थोडा वेळ असतो. फिनलंड हिवाळ्यात साडेतीन तास मागे, म्हणजे आपल्या दुपारी दोनला तिथे साडेदहा. नेपाळ फक्त पंधरा मिनिटं पुढे. मुलांना या पंधरा मिनिटांचंच सगळ्यात जास्त नवल वाटतं. रेखांशाचा धडा त्यांना फळ्यावर जितका कळतो, त्याहून जास्त या एका आकड्यानं कळतो.

अमेरिकेचा मोह पहिल्यांदा टाळा. आपली शाळा भरलेली असते तेव्हा तिथे रात्र असते. न्यूयॉर्कची सकाळ साडेसात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात सहा. मराठी शाळांचं मात्र जमतं. तिथला रविवार सकाळचा वर्ग म्हणजे आपल्याकडे रविवारची रात्र, आणि मुलं घरून, पालकांसोबत येऊ शकतात.

वेळ लिहिताना नेहमी दोन्हीकडची लिहा: 'बुधवार, भारतात सकाळी ११.३०, केनियात सकाळी ९.००'. महिना आकड्यात लिहू नका. ५/३ म्हणजे आपल्याला ५ मार्च, अमेरिकन शिक्षकाला ३ मे.

सुट्ट्यांचं कोष्टकही एकमेकांना पाठवा. आपलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, जपानचं एप्रिलमध्ये, केनियाचं जानेवारीत. युरोपात जुलै-ऑगस्टला शाळा बंद, आपल्याकडे दिवाळीत. दोन्ही बाजू खऱ्या अर्थानं मोकळ्या असतात ते महिने मोजकेच उरतात. युरोपसाठी सप्टेंबर, डिसेंबरचा पहिला पंधरवडा, जानेवारी आणि फेब्रुवारी हे मला सोयीचे वाटतात.

साधनं : आहे त्यात कसं भागवायचं

एक स्मार्टफोन किंवा लॅपटॉप, मोठा पडदा दाखवणारं काहीतरी (टीव्ही किंवा प्रोजेक्टर) आणि बरा स्पीकर, एवढ्यावर काम होतं. लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआय केबलनं जोडा. बिनतारी जोडणी ऐन वेळी दगा देते.

चित्र अडखळलं तर मुलं चालवून घेतात, आवाज तुटला की वर्ग हातातून जातो. म्हणून सगळा जीव आवाजावर लावा. वर्गखोलीच्या उघड्या भिंतींवर आवाज घुमतो. जमिनीवर सतरंज्या अंथरा, खिडक्यांना चादरी लावा, फरक लगेच ऐकू येतो. पंखे बंद करा. पत्र्याचं छप्पर असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये कॉल ठेवूच नका, पावसाच्या आवाजात काही ऐकू येणार नाही.

बोलणाऱ्या मुलानं मायक्रोफोनजवळ यायचं. फोनसमोर हातभर अंतरावर जमिनीवर खडूनं फुली काढा: ही बोलायची जागा. बोलायचं असेल त्यानं फुलीवर उभं राहायचं. यानं गोंगाटही आपोआप कमी होतो. स्पीकर मायक्रोफोनपासून लांब ठेवा. एकाच खोलीत दोन फोन कॉलला जोडू नका. जोडावेच लागले, तर एकाचा मायक्रोफोन आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते.

उजेड मुलांच्या चेहऱ्यावर हवा. खिडकी मुलांच्या पाठीमागे असली की समोरच्या वर्गाला नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. कॅमेरा पडद्याच्या शक्य तितका जवळ, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. तो बाजूच्या टेबलावर असेल, तर आपली मुलं पलीकडच्यांना कायम दुसरीकडेच बघताना दिसतात.

इंटरनेटबद्दल एकच लक्षात ठेवा: तपासताना अपलोडचा वेग बघा. आपण डाउनलोड बघून खूश होतो आणि आपलं चित्र मात्र पलीकडे पोचत नाही. अपलोड दोन एमबीपीएसच्या वर असेल तर निर्धास्त राहा. तासाभराच्या कॉलला चित्राच्या दर्जाप्रमाणे अर्धा ते दीड जीबी डेटा जातो. शाळेत रेंज फक्त एका कोपऱ्यात येत असेल, तर हॉटस्पॉटचा फोन त्या कोपऱ्यात ठेवा आणि लॅपटॉप वर्गात. आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन तयार ठेवा.

ॲप समोरच्या शाळेला चालेल ते घ्या. काही देशांतल्या शाळांच्या जाळ्यावर ठरावीकच ॲप उघडतात. झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांनी कॉल तुटतो. गुगल मीटवर दोनच उपकरणं असतील तर चोवीस तासांपर्यंत चालतं, तिसरं उपकरण आलं की मर्यादा एका तासाची होते. म्हणून दोन वर्गांसाठी मीट सोयीचं. पाहुण्यांनी घरून जोडायचं नाही.

चाचणी कॉल करायचाच. त्याच खोलीत, त्याच वेळेला, मुलं बसलेली असताना. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात केलेल्या चाचणीचा काही उपयोग नाही, रिकामा वर्ग वेगळा घुमतो आणि त्या वेळी शेजारची पिठाची गिरणीही बंद असते.

पालक, संमती आणि मुलांची सुरक्षितता

यात तडजोड नको. प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या. अर्ज मराठीत, साध्या भाषेत: कुणाशी बोलणार, कशावर बोलणार, चित्रीकरण होणार की नाही, फोटो कुठे जाणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. पालकसभेत दहा मिनिटं बोलून शंका ऐकून घ्या. मुख्याध्यापक आणि शालेय व्यवस्थापन समितीला आधी कळवा.

संमती न आलेलं मूल वर्गाबाहेर बसवायचं नाही. ते कॅमेऱ्याच्या मागे बसेल आणि तिथली महत्त्वाची कामं करेल: नकाशा बघणं, वेळ सांगणं, नोंदी घेणं.

मुलांनी फक्त पहिलं नाव सांगायचं. आडनाव, घरचा पत्ता, फोन नंबर, इन्स्टाग्राम काही नाही. फळ्यावर किंवा भिंतीवर मुलांची यादी, मोबाइल नंबर दिसत नाहीत ना, ते कॅमेऱ्यातून एकदा बघून घ्या. कॉलची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. चित्रीकरण दोन्ही शाळांनी हो म्हटलं तरच. पुष्कळ देशांत मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकायला शाळा परवानगी देत नाहीत. आपल्याला फोटो टाकायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम विचारा. आपल्या मुलांचा पाठमोरा फोटो आणि पडदा बंद, एवढा फोटो पुरतो.

पहिला कॉल : ओळखा पाहू, आम्ही कुठले?

शिक्षकांच्या जगात हा खेळ 'मिस्टरी कॉल' म्हणून ओळखला जातो आणि पहिल्या भेटीसाठी याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. समोरचा वर्ग कोणत्या देशातला, हे फक्त शिक्षकांना ठाऊक. दोन्ही वर्ग आळीपाळीनं प्रश्न विचारतात आणि उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. जो आधी देश ओळखेल तो जिंकला. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या मुलांनाही हा खेळ जमतो, कारण लागणारी वाक्यं दहा-बाराच असतात आणि ती आधी पाठ करता येतात.

मुलांना कामं वाटून द्या. चार-पाच मुलं नकाशासंग्रह आणि पृथ्वीगोल घेऊन बसतील. दोघं-तिघं फुलीवर जाऊन प्रश्न विचारतील. दोघं उत्तरं फळ्यावर लिहितील. एक जण बाद झालेले देश खोडत जाईल. एक निरोप्या नकाशावाल्यांकडून पुढचा प्रश्न घेऊन फुलीपर्यंत धावेल. आमच्याकडे निरोप्या व्हायला भांडणं होतात. खेळ आधी वर्गात दोन गट करून दोनदा खेळून घ्या, महाराष्ट्रातले जिल्हे ओळखायचे.

प्रश्न कसे सुचतात ते एका उदाहरणानं सांगतो. समजा पलीकडे केनियातला वर्ग आहे.

तुम्ही आशियात आहात का? नाही. तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे का? हो. तुमच्या देशातून विषुववृत्त जातं का? हो. आता नकाशावाल्यांचं बोट विषुववृत्तावरून सरकू लागतं. इक्वेडोर, कोलंबिया, ब्राझील, गॅबन, दोन काँगो, केनिया, सोमालिया. मोठ्या काँगोला समुद्र आहे की नाही यावर वाद होतो, मग नकाशा नाकाजवळ आणल्यावर अटलांटिकला टेकलेलं त्याचं चिंचोळं टोक दिसतं. पुढचा प्रश्न: तुमचा समुद्र हिंदी महासागर आहे का? हो. उरले केनिया आणि सोमालिया. इथे एखादं मूल विचारतं, इथिओपिया तुमचा शेजारी आहे का? उत्तर येतं हो, पण उपयोग शून्य, कारण तो दोघांचाही शेजारी. कोणता प्रश्न विचारल्यानं काहीतरी खोडता येईल, हे मुलांना त्या वाया गेलेल्या प्रश्नातून कळतं. मग कुणीतरी टांझानिया विचारतं आणि वर्ग उड्या मारायला लागतो.

खेळाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उरलेला वेळ मोकळा ठेवा, खरंच मोकळा. दोन्ही वर्गांतली चार-चार मुलं मनात येईल ते विचारतील. पावसाचा प्रश्न इथे येतो.

भाषा

समोरच्या शिक्षकाला आधीच सांगून ठेवा की मुलं मराठीत बोलतील आणि तुम्ही भाषांतर कराल. यात कमीपणा काहीच नाही. मुलं स्वतःच्या भाषेत बोलली की लांब वाक्यं बोलतात, हसतात, एकमेकांच्या बोलण्यात भर घालतात. फक्त हिशेब लक्षात ठेवा: भाषांतरात निम्मा वेळ जातो, म्हणून प्रश्नही निम्मेच ठेवा.

दोन्ही बाजूंना इंग्रजी परकी असेल, तर कॉल उलट सोपा होतो. ब्राझील, व्हिएतनाम, हंगेरी इथली मुलंही आपल्यासारखीच शब्द शोधत बोलतात. आपली मुलं त्यांच्यासमोर बुजत नाहीत. आणि हातात वस्तू द्या. पाटी, विळी, बाजरीचं कणीस, भोवरा. वस्तू हातात असली की मूल तीन शब्दांतही ती समजावून सांगतं.

एक सराव मात्र न चुकता घ्या. पलीकडची मुलं त्यांचं जेवण दाखवतील. त्यात मासे असतील, गोमांस असेल, डुकराचं मांस असेल. आपल्या वर्गातून 'शी' किंवा 'ई' असा आवाज गेला, तर तो कुठल्याही भाषेत कळतो. आधीच्या दिवशी वर्गात बोला: आपल्या बोंबलाच्या कालवणाला कुणी नाक मुरडलं तर कसं वाटेल? मुलं चटकन समजतात. रंग, धर्म, गरिबी यांवरचे प्रश्न मनात येणारच. ते दाबू नका, आपल्या वर्गात आधी मोकळेपणानं बोलून घ्या, आणि मग कसं विचारलं तर समोरचा दुखावणार नाही, ते मुलांनाच ठरवू द्या.

दुसरा कॉल : आता खरा अभ्यास

पहिल्या कॉलवर थांबणाऱ्या शाळा खूप. माझ्या मते मोल सुरू होतं ते दुसऱ्या कॉलपासून, कारण आता मुलं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात. इथे असा विषय घ्या, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, फक्त पलीकडच्या मुलांकडे आहे.

शाळेतलं जेवण हा आमचा आवडता विषय. आपली खिचडी ताटात वाढून कॅमेऱ्यासमोर धरा, शिजवणाऱ्या ताईंनाही बोलवा. फिनलंडमध्ये १९४८ पासून सगळ्या शाळकरी मुलांना जेवण मोफत मिळतं. तिथे ताटात काय असतं, कोण वाढतं, उरलं तर काय करतात, हे विचारा. जपानी शाळांत मुलंच डोक्याला टोपी, अंगावर ॲप्रन घालून आपल्या वर्गाला वाढतात. हे ऐकल्यावर आमच्या मुलांनी वाढायच्या पाळ्या लावून घेतल्या, त्या अजून चालू आहेत.

आता मॉरिशसची सावली. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई सुमारे २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर. विषुववृत्ताच्या दोन बाजूंना जणू आरशातली गावं. २१ मार्चच्या सुमारास, विषुवदिनी, दोन्हीकडे एक मीटर उंचीची काठी उन्हात सरळ उभी करायची. ओळंबा लावून सरळ आहे ना ते बघायचं. दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. सगळ्यात आखूड सावली ती मध्यान्हीची. नाशिकला ती घड्याळात पाऊण वाजायच्या थोडं आधी मिळते, पोर्ट लुईला तिथल्या सव्वाबाराच्या सुमारास. दोन्हीकडे लांबी साधारण ३६ सेंटिमीटर येते. फरक इतकाच की आपली सावली उत्तरेला पडते आणि त्यांची दक्षिणेला. हे दोन वर्गांनी एकमेकांना स्क्रीनवर दाखवणं, तो क्षण बघण्यासारखा असतो.

पुढचं गणित सहावी-सातवीला जमतं. कागदावर दहा सेंटिमीटर उंचीचा आणि ३.६ सेंटिमीटर पायाचा काटकोन त्रिकोण काढा, वरचा कोन कोनमापकानं मोजा. तो २० अंश येतो. पलीकडेही २०. गावं विषुववृत्ताच्या दोन बाजूंना आहेत म्हणून बेरीज करायची, ४० अंश. म्हणजे पृथ्वीच्या वर्तुळाचा नववा भाग. दोन्ही अक्षांशांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४,४५० किलोमीटर आहे (गावं एकाच रेखांशावर नाहीत, पण इथे फक्त उत्तर-दक्षिण अंतर धरायचं). त्याची नऊपट ४०,०५०. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इजिप्तमधल्या दोन गावांच्या आधारानं याच रीतीनं पृथ्वी मोजली होती. मुलांचं उत्तर हजार-दोन हजारांनी चुकेल, चुकू द्या. काठी वाकडी होती की सावलीची कड पुसट होती, यावर दोन देशांतली मुलं बोलतात ते मला उत्तरापेक्षा मोलाचं वाटतं. सप्टेंबरातला विषुवदिनही चालतो, पण तेव्हा आपल्याकडे ढगांचा भरवसा नसतो.

असे कॉल किती लांब जाऊ शकतात, ते सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीनं दाखवलं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे आपल्या लक्षात राहिला. पण त्यांनी भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून त्यांना इंटरनेटवरून बोलतंही केलं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. पहिल्याच वर्षी असा विषय हाती घेऊ नका. पण पावसाबद्दल, खिचडीबद्दल मोकळं बोलायला शिकलेली मुलंच पुढे अशा विषयांपर्यंत पोचतात.

कॉल चालू असताना आणि नंतर

वीज गेली, रेंज गेली तर काय करायचं, ते दोघा शिक्षकांनी आधीच ठरवा. आमचा नियम असा: दहा मिनिटं वाट बघायची, मग व्हॉट्सॲपवर फक्त आवाजाचा कॉल. तोही लागला नाही, तर मुलांनी आपले प्रश्न फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवायचे. एकदा आमचा सगळा कॉल असाच झाला. पलीकडची उत्तरं दुसऱ्या दिवशी आली आणि मुलांनी ती तीन-तीनदा ऐकली.

तुम्ही स्वतः कमी बोला. मूल अडखळलं की वाक्य पुरं करून द्यायला जीभ वळवळते. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा सात-आठला मूल बोलतं. त्याच दोन हुशार मुलांना पुन्हा पुन्हा पुढे करू नका. चिठ्ठ्या टाकून नंबर लावा.

कॉल संपला की लगेच मुलांना वहीत तीन ओळी लिहायला सांगा: काय ऐकलं, कशाचं नवल वाटलं, काय विचारायचं राहिलं. तिसरी ओळ सगळ्यात कामाची. राहिलेले प्रश्न एका मोठ्या कागदावर उतरवून भिंतीवर लावा आणि त्याच आठवड्यात त्यातले पाच पलीकडच्या शिक्षकाला पाठवा, पुढच्या कॉलची तारीख आणि दोन्हीकडची वेळ लिहून. आमच्या भिंतीवरच्या कागदावर या घडीला सतरा प्रश्न आहेत. सगळ्यात वर लिहिलंय: तुमच्याकडे पाऊस यायच्या आधी मातीचा वास येतो का?